पाण्यावरचं आधण

१

आंबेमळीत पुराचं पाणी शिरून चार दिवस झाले होते, आणि त्या चार दिवसांत शालूबाईंच्या गच्चीवर जेवढं हसणं झालं तेवढं सबंध वर्षात झालं नव्हतं.

गाव तसं पहिल्याच दिवशी रिकामं झालं होतं. राहिली होती ती शेजारशेजारची दोन घरं. एक शालूबाईंचं, त्या, त्यांचा धाकटा दीर गुंडू आणि सासूबाई, ज्यांना अख्खा गाव आक्का म्हणायचा. दुसरं कुतुबुद्दीनभाईंचं. ते एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. त्यांची बायको लालबी, आणि लेक मेहक, वीस दिवसांची बाळंतीण. मेहकचं सासर कोल्हापुरात मंगळवार पेठेत. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आलेली. ओली बाळंतीण ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतल्या गर्दीत कशी घालायची म्हणून लालबीनं तिला थांबवून घेतलं, आणि यांना एकटं कसं टाकायचं म्हणून शालूबाई थांबल्या. शालूबाईंचं घर दुमजली. मग ताडपत्री ताणून सगळे तिथंच वर आले. एकाच स्टोव्हवर दोन्ही घरचा चहा, एकाच पातेल्यात भात. आक्का दिवसभर कुतुबभाईंना शिव्या द्यायच्या आणि ते प्रत्येक शिवीला म्हणायचे, "आक्का, सुट्टे द्या, सुट्टे!"

पाचव्या दिवशी लख्ख ऊन पडलं. पण पाणी उतरायचं सोडून जिन्याच्या आणखी दोन पायऱ्या चढलं. गुंडूच्या फोनला शेवटची धुगधुगी होती तेवढ्यात माळावरच्या हायस्कुलातून निरोप आला. वरून आणखी पाणी येतंय, संध्याकाळपर्यंत गच्ची राहायची नाही, बोट पलीकडच्या वाडीवर गुंतलीय, तुमचं तुम्हाला जमलं तर निघा.

त्यांचं त्यांना जमण्यासारखी एकच गोष्ट होती, काहील. उसाचा रस आटवायची ती लोखंडी कढई, नऊ फूट रुंद, गुडघ्याच्या वरपर्यंत खोल, कडेला चार जाडजूड कड्या. शालूबाईंचं स्वतःचं गुऱ्हाळ होतं आणि गुळव्याही त्याच होत्या. रस कधी चढवायचा, वर येणारी फेसाची मळी कधी काढायची, पाक कधी झाला, हे सगळं त्यांच्या शब्दावर चालायचं. बाईमाणूस गुळव्या पंचक्रोशीत दुसरी नव्हती. पूर यायच्या आधी काहील गुऱ्हाळातून घरी आणून जिन्याला बांधायची हा दरसालचा रिवाज. ती आता पाण्यावर डुलत, जिन्याला धडका देत उभी होती.

"वैनी, बगा कशी वाट बगायलीय," गुंडू म्हणाला. "चला की."

आधी आक्कांना बसवलं. मग लालबी, मग मेहक बाळाला घेऊन. सगळे बसले तसं शालूबाईंच्या मनात काय आलं कुणास ठाऊक, त्यांनी कमरेची हळदीकुंकवाची पुडी सोडली, काहिलीच्या काठाला बोटं ओढली, शेवटचा नारळ कडीवर फोडला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "चढवा!"

हंगामाच्या पहिल्या दिवशी काहील चुलवाणावर ठेवताना त्या असंच म्हणायच्या, आणि मग आठ गडी तिला उचलून जाळावर चढवायचे. हाताला सवय, तोंडाला सवय.

"आवो वैनी," गुंडूला हसू आवरेना, "गूळ काढायला न्हाय, जीव वाचवायला चाललोय!"

सगळे हसले. शालूबाईही पदराआड हसल्या. दोर सुटला. दहा वाजायला आले होते.

२

काहील होडीसारखी चालत नाही. ती गरगर फिरते. गुंडू एका बाजूनं लांब वेळू खुपसायचा, कुतुबभाई दुसऱ्या बाजूनं पाक ढवळायचं फावडं मारायचे, आणि तरी काहील एकदा गावाकडं तोंड करायची, एकदा माळाकडं.

"स्टेअरिंग कुठाय हिचं?" कुतुबभाई ओरडले. "तीस वर्षं गाडी मारली, असली गाडी बघितली न्हाई. न ब्रेक, न हॉर्न!"

"हॉर्न हाय की," लालबी म्हणाली. "आक्का हायत्या."

आक्कांनी जी एक शिवी हासडली ती पाण्यावरून पार चिंचेच्या शेंड्यापर्यंत गेली असेल. मेहक इतकी हसली की तिला पोट धरून बसावं लागलं.

खाली त्यांचंच गाव होतं. आता आपण दूध डेरीवरून चाललोय, आता पिराच्या कट्ट्यावरून, असं गुंडू सांगत होता. उसाचे शेंडे पाण्याबाहेर बोटभर दिसत होते. ऊन अंगावर घ्यायला बरं वाटत होतं. पहाटेपासून किरकिरणारं बाळ मेहकनं दुपट्यात गुंडाळून काहिलीच्या तळाशी निजवलं आणि ते तत्क्षणी गप्प झालं. मूठ उघडून झोपीच गेलं.

"काकी, बघा तर," मेहक म्हणाली. "खालनं मस्त ऊब लागतीय."

शालूबाईंनी तळाला हात लावला. खरंच कोमट होतं. मांडी घालून बसलेल्या सगळ्यांना ती ऊब केव्हाच लागली असणार. चार दिवस ओल्या कपड्यांत कुडकुडल्यावर कुणी तिच्याबद्दल तक्रार करत नव्हतं एवढंच. आक्कांनी तर पाय लांब करून टाचा तळाला टेकवल्या होत्या आणि डोळे मिटून घेतले होते.

लोखंड उन्हानं तापतं, शालूबाईंनी मनाशी म्हटलं.

मग त्यांनी काठाला हात लावला. काठ, जिथं ऊन थेट पडत होतं, तो गार होता.

३

असं का व्हावं याचा त्या बराच वेळ विचार करत राहिल्या. काठाला वारा लागतो. तळाला माणसांच्या अंगाची ऊब. सात माणसं, म्हटलं तर साडेसहा, एवढी दाटीवाटीनं बसल्यावर तळ कोमट व्हायचाच. हे पटलं. त्यांनी एक हात बाहेर पाण्यात बुडवून बघितला. पाणी बर्फासारखं. मग लोखंड, जे त्याच पाण्यात बसलेलं आहे, ते त्याहून गार हवं. हेही पटलं. दोन्ही एकदम पटेनात.

"वैनी, कसला विचार करताय?" कुतुबभाई म्हणाले. "फावडं मी मारतोय, घाम तुमाला?"

"कायतरी वास येतोय का भाऊ?"

त्यांनी नाक वर केलं. "येतोय की. गोड. कुणाच्यातरी गुळाच्या ढेपा भिजल्या असतील."

ते खरंच होतं. गावात चार गुऱ्हाळं, बाजारात दुकानं. गूळ पाण्यात विरघळला असणार. पण भिजलेल्या गुळाचा वास शिळा असतो, आंबूस असतो. हा वास तसा नव्हता. तीस हंगाम शालूबाई ज्या वासात उभ्या राहिल्या होत्या तो हा वास होता. ताज्या रसाला पहिला चटका बसतो तेव्हाचा.

"मळी वर आली असंल," आक्का डोळे न उघडताच पुटपुटल्या. "काढून घे गं शाले."

"आक्का झोपेत बरळायला लागल्या," गुंडू म्हणाला आणि लालबी फिसकन हसली.

शालूबाईंनी काहिलीत बघितलं. काहिलीत माणसं होती, दोन पिशव्या होत्या, दुपट्यात बाळ होतं. मळी यायला रस नव्हता. तरी त्यांचा उजवा हात आपोआप उठला आणि हवेत, माणसांच्या डोक्यावरून, मळी ओढायची झारी धरल्यासारखा फिरला. त्यांनी तो चटकन खाली घेतला. कुणी बघितलं नव्हतं.

४

शालूबाईंच्या गुऱ्हाळाचं धुराडं गाव आणि माळ यांच्या बरोबर मध्ये. त्याच्या पलीकडं पाण्याला ओढ आहे हे गुंडूला ठाऊक होतं, म्हणून धुराड्याला धरून जरा दम खायचा आणि मग एका जोरात ओढ पार करायची असा त्याचा बेत. बेत चांगला होता. पण धुराडं हातभरावर आलं आणि काहील थांबली.

अडकली असं म्हणता येईना. अडकलेली वस्तू हलते, खरडते, एका बाजूला कलते. काहील फिरायची थांबली, डुलायची थांबली आणि पाटावर ठेवलेल्या परातीसारखी नीट बसली. कडेनं पाणी वाहत होतं, उसाची पानं, चपला, प्लास्टिकचं एक मडकं वाहत चाललं होतं. काहील जागची हलत नव्हती.

"कशावर बसली रे?" कुतुबभाईंनी विचारलं.

"चुलवाणावर," गुंडू म्हणाला, आणि स्वतःच हसला. "म्हंजी, चुलवाण हितंच की खाली. पर ते दोन पुरुस खाली हाय भाऊ."

"भिताडावर बसली असंल."

"बगतो." गुंडूनं वेळू खाली सोडला. सोडला, आणखी सोडला, खांद्यापर्यंत हात पाण्यात गेला तरी तळ लागेना. काहिलीच्या खाली तिरका घालून बघितला. मग त्याचा चेहरा जरा बदलला. त्यानं वेळू हळूहळू वर ओढला.

टोक काळं पडलं होतं. बोटभर लांब कोळसा झाला होता आणि त्यातून धुराची एक बारीक रेघ वर जात होती. पाण्यातून काढलेल्या वेळूतून.

मग कुतुबभाई म्हणाले, "करंट. लाइटीच्या तारा आहेत खाली. कुणी पाण्यात हात घालू नका."

लाईट पाच दिवस बंद होती. हे सगळ्यांना माहीत होतं, त्यांनाही. पण करंट हा शब्द ऐकून सगळ्यांना इतकं बरं वाटलं, की गुंडूनं लगेच "मग आपली इस्त्री हुतीय!" म्हणून घेतलं आणि मेहकसुद्धा हसली. तिनं मात्र बाळाला तळावरून उचलून मांडीवर घेतलं.

तेवढ्यात तो आवाज आला. खर्र. थोडं थांबून पुन्हा, खर्र. लोखंडावर लोखंड ओढल्याचा. शालूबाईंना तो ओळखायला विचार करावा लागला नाही. पाक दाट व्हायला लागला की तळाला लागू नये म्हणून दोन माणसं समोरासमोर उभी राहून फावड्यानं तळ खरवडतात, एकदा यानं, एकदा त्यानं. फक्त, ते फावडं काहिलीच्या आत असतं. आत्ता एकुलतं एक फावडं कुतुबभाईंच्या हातात कोरडं होतं.

५

शिट्टी ऐकू आली तेव्हा सगळ्यांनी एकदम आरोळी ठोकली. केशरी रंगाची रबरी बोट माळाकडून येत होती. कोल्हापूरहून आलेल्या, शिवाजी पेठेतल्या एका तालमीच्या माणसांची. पुढं उभा होता तो यशराज, तिशीचा, दांडगा, पेठेच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर.

"पावणं, काहिलीतनं फिरायला निघालाय व्हय!" तो लांबूनच ओरडला.

"आवो या की, जागा हाय अजून!" लालबीनं उत्तर दिलं.

पण बोट तीस फुटांवर थांबली. पुढं यायचं जमेना. गुऱ्हाळाच्या छपराचे पत्रे फाटून पाण्याखाली उभे राहिले होते, रबर चिरलं असतं. यशराजनं दोर फेकला, गुंडूनं धुराड्याच्या लोखंडी पट्टीला पक्का बांधला. दोराला धरून लाइफ जॅकेटं आली, दोन मोठ्या ट्यूबा आल्या, भाजीचं एक प्लास्टिकचं क्रेट आलं.

"जॅकेट घाला, दोराला धरा, एकेक जण या," यशराज म्हणाला. "ती काहील सोडा. वरनं पाणी सुटलंय, तासाभरात ओढ वाढणार हाय."

"सोडू कशी?" कुतुबभाईंचा आवाज पहिल्यांदाच चढला. "माझी पोरगी वीस दिवसांची बाळंतीण हाय. टाके हायत. एवढंसं लेकरू. ह्या असल्या घाण पाण्यात उतरवू? हितं सगळी कोरडी हायत, काहील डगमग करत न्हाई, दगडासारखी बसलीय. तुमी लाकडी होडी घेऊन या. तवर थांबतो आम्ही."

"होडी कुठनं आणू काका?"

"मग पत्रे कापा!"

"अब्बा," मेहक म्हणाली आणि तिनं बाळाला छातीशी धरलं.

सगळ्यांनी शालूबाईंकडं बघितलं. काहील त्यांची होती. आक्का म्हाताऱ्या, पाण्यात हात निसटला तर संपलं. मेहक आणि बाळ. दोराला धरून तीस फूट, छातीवर आदळणारं पाणी, खाली पत्रे. आणि इथं कोरडी, स्थिर, उबदार जागा. कुतुबभाई म्हणत होते त्यात काही खोटं नव्हतं. शालूबाईंनीच लालबीला गच्चीवर शब्द दिला होता, तुझ्या लेकीच्या पायाला पाणी लागू द्यायची नाही.

त्या ऐकू लागल्या. खरवडायचा आवाज थांबला होता. आता खालून बुडबुडे फुटत होते. सुरुवातीला रसाचे बुडबुडे भराभर फुटतात, बारीक. पाक होत आला की ते जड होतात. एक फुटतो, मग दम घेऊन दुसरा. पुट. पुट. तळावर आता पदराची घडी घेतल्याशिवाय टेकवत नव्हतं. काहील दहाच्या सुमाराला चढली. अडीच तास होत आले, एका आधणाला, म्हणजे काहीलभर रसाचा गूळ व्हायला, लागतात तेवढे.

आणि मग काहिलीच्या चारी कड्या वाजल्या. एकदम. किणण.

वाऱ्यानं एखादी कडी वाजते. चार वाजत नाहीत. आधण तयार झालं की गडी येतात, कड्यांतून वेळू घालतात, खांदा देतात आणि काहील उचलून शेजारच्या वाफ्यात, गूळ निववायच्या उथळ खड्ड्यात, पालथी करतात. सगळा पाक, एका झटक्यात. आत पाक नव्हता. आत माणसं होती.

कड्या पुन्हा वाजल्या आणि काठ एका बाजूनं दोन बोटं वर उचलला गेला. बसलेल्यांना ते कळलं, लालबीनं मेहकचा दंड धरला.

"थांबा," शालूबाई म्हणाल्या. मोठ्यानं नाही. गुऱ्हाळात म्हणायच्या तसं, कामाच्या आवाजात. "अजून कच्चं हाय."

काठ हळूच खाली आला. कड्या गप्प झाल्या.

६

"भाऊ," शालूबाई म्हणाल्या, "हितनं उतरायचं. सगळ्यांनी. आत्ता."

"पर वैनी..."

"माझा शब्द हाय. गुळव्याचा. लेकरू आधी."

कुतुबभाईंनी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. तीस वर्षं रस्त्यावर काढलेल्या माणसाला, पुढच्या गाडीचा दिवा न दिसताही कधी ब्रेक दाबायचा, हे कळतं. त्यांनी फावडं खाली ठेवलं.

यशराज स्वतः दोर धरून आला. त्यानं काहिलीच्या कडेला हात टेकवला आणि चटका बसून ओढून घेतला. "आयला!" त्यानं शालूबाईंकडं बघितलं. बाळाला दुपट्यासकट क्रेटमध्ये ठेवलं, क्रेट ट्यूबवर बांधलं, आणि ते तसंच हातांवर तोलत पलीकडं नेलं. बाळ सबंध वेळ जागं होतं, आणि रडत नव्हतं. बोटीवरच्या माणसांनी ते आत घेतल्यावर असा जल्लोष केला की जणू फायनलला गोल झाला.

"थांबा," शालूबाई मधूनमधून म्हणत होत्या, खाली बघत. "थांबा. रंग यायचाय अजून."

मेहकला बोटीवरच्या दोघांनी मध्ये धरून नेलं. लालबी गेली ती सगळ्या पिरांची नावं घेत, आणि अर्ध्या वाटेत तोंडात पाणी गेलं तशी यशराजला शिव्या देत. आक्कांना ट्यूबमध्ये बसवलं. त्या जायच्या आधी वाकल्या, काहिलीच्या काठावरून खाली पाण्यात बघितलं, आणि लग्नाच्या पंगतीत कुणी ओळखीचं दिसावं तशी मान हलवली. मग राणीसारख्या पलीकडं गेल्या. कुतुबभाई. मग गुंडू, जो "वैनी, तुमी आधी" म्हणून हटून बसला तेव्हा त्यांना त्याच्या पाठीत धपाटा घालावा लागला.

आता त्या एकट्या होत्या. चपलांचं रबर तळाला चिकटत होतं. बुडबुडे जवळजवळ थांबले होते. आणखी थोडं, की पाक लागणार, जळणार. तीस हंगामांत त्यांचं एकही आधण जळलं नव्हतं, आणि ही इतकी साधी गोष्ट त्या वेळी त्यांना फार मोठी वाटली. त्यांनी दोर धरला आणि स्वतःला पाण्यात सोडलं.

गार पाण्यानं श्वास कोंडला. मध्ये एकदा पायाला काहीतरी लागलं, पत्रा असेल. पत्र्याला बोटं नसतात, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी ते मनातच दाबलं. मग चार हातांनी त्यांना वर ओढलं.

गुंडू रडत होता, हसत होता. लालबीनं त्यांना घट्ट मिठी मारली. इंजिन सुरू झालं.

शालूबाई मागं वळल्या. काहील तशीच बसली होती, रिकामी. कड्या वाजत होत्या, थांबत होत्या. कुणीतरी खांदा देऊन ताटकळत उभं असावं तशा. त्यांनी दोन्ही हात तोंडापाशी नेले.

"उतरवा!"

काहील उठली. चारी बाजूंनी सारखी, हातभर, पाण्याच्या वर. तळातून वाफ सुटली. ती उजवीकडं सरकली, वाफा जिकडं आहे तिकडं, दमादमानं, पावलापावलानं. आणि तिच्या कड्यांखाली पाण्यावर आठ ठिकाणी खळगे पडत गेले, चिखलात पाय रुतावेत तसे. मग ती कलली. उन्हात काहीतरी पिवळंधमक, जाड, दोरखंडासारखं खाली ओघळलं. पाणी उडालं नाही.

"भोवरा हाय," यशराज म्हणाला. त्याचा आवाज कोरडा होता. "भोवऱ्यात असं हुतंय." आणि त्यानं बोट इतक्या जोरात वळवली की सगळे एकमेकांच्या अंगावर पडले, आणि पडल्यावर कुणालातरी हसू आलं, मग सगळ्यांनाच.

७

माळावरच्या हायस्कुलात दुपार म्हणजे जत्रा झाली. अख्खा गाव तिथं होता. बाळ या हातातून त्या हातात फिरत होतं. मेहकचा नवरा रिजवान कोल्हापूरहून दूध आणि कपडे घेऊन पोचला, आणि बायकोला बघून सगळ्यांसमोर ढसाढसा रडला, तेव्हा बायकांनी त्याची अशी चेष्टा केली की त्याचे कान लाल झाले. डॉक्टरीणबाईंनी मेहकला तपासलं. टाके शाबूत होते. सातवीच्या वर्गात आक्का खुर्चीवर बसून काहिलीचा प्रवास सांगत होत्या, आणि दर वेळी त्यात कुतुबभाई थोडे जास्त भित्रे होत होते.

शालूबाई चहाचा पेला घेऊन पायरीवर बसल्या होत्या. सगळी जिवंत होती. मोजून सगळी.

पाणी माळाच्या उतारापर्यंत आलं होतं. दूरवर धुराडं काडीएवढं दिसत होतं. वारा पडला होता, म्हणून ऐकू आलं असेल. पुट. मग बराच वेळ काही नाही. पुट.

त्या पेला ठेवून उठल्या.

"कुठं निघाला वैनी?" कुतुबभाईंनी विचारलं. "बसा की, भजी तळायलेत."

"आलो हं."

त्या पाण्याच्या कडेला गेल्या. मागं पोरं खेळत होती, कुणी मोबाईलवर गाणी लावली होती. त्यांनी हात तोंडापाशी नेले आणि हाक दिली, "उतरवा!" पोरं हसली. एकानं नक्कलही केली.

लांबून, पाण्यावरून, लोखंडाचा बारीक किणकिणाट आला. मग शांत झालं.

परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा नेहमीसारखा होता, कामाच्या दिवशी असायचा तसा. त्यांनी एक गरम भजं उचललं, फुंकर मारून खाल्लं आणि कुतुबभाईंच्या मनगटाकडं हात केला.

"भाऊ, ते घड्याळ द्या जरा."

कुतुबभाईंनी ते उतरवून त्यांच्या हातावर ठेवलं. "कवा परत देनार?"

त्यांनी काट्यांकडं बघितलं. साडेतीन. म्हणजे पुढचं आधण आता सहाला. मग साडेआठ, अकरा.

"पूर उतरला की," शालूबाई म्हणाल्या, आणि पट्टा आपल्या बांगड्यांच्या वर घट्ट आवळून घेतला.